दिल्लीतली सही आणि सातपुड्यातलं वावर

(जळगाव जामोद तालुक्यात झालेल्या वनहक्क शिबिरातलं दुसऱ्या दिवशीचं भाषण. गावोगावच्या वाचन-बैठकीत मोठ्यानं वाचता यावं म्हणून बोलल्यासारखंच ठेवलं आहे.)

 

काल गटचर्चेत एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांच्या तोंडून आला. देशाच्या राष्ट्रपती आपल्यातल्या आहेत. द्रौपदीबाई मुर्मू. ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्याच्या, संथाळ समाजाच्या. २५ जुलै २०२२ ला त्यांनी शपथ घेतली. देशातल्या सगळ्यात मोठ्या खुर्चीवर आदिवासी बाई बसली. मग आमचे दावे काऊन अडकले? मग बीटगार्ड अजून वावरात येऊन नांगर काऊन उचलतो?

प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर "सगळे सारखेच" असं म्हणून सोडून देऊ नये. राष्ट्रपती म्हणजे नक्की काय, त्यांची सही कुठं लागते, ती सही कोणाच्या सांगण्यावरून होते आणि ती झाल्यावर आपल्या धुऱ्यापर्यंत काय येतं, हे एकदा नीट समजून घेऊ. हे कळलं तर आपला अर्ज कोणाच्या दारात न्यायचा तेही कळेल.

सही किती जागी लागते

पहिली जागा म्हणजे कायदा. लोकसभेनं आणि राज्यसभेनं विधेयक पास केलं तरी तो कायदा होत नाही. राष्ट्रपतींची सही झाली की होतो. पटलं नाही तर राष्ट्रपती ते एकदा परत पाठवू शकतात. संसदेनं पुन्हा पास करून पाठवलं तर मात्र सही करावीच लागते.

दुसरी जागा वटहुकूम. संसद बसलेली नसेल आणि सरकारला घाई असेल तर राष्ट्रपतींच्या सहीनं रातोरात कायदा करता येतो. संसद बसल्यावर सहा आठवड्यांत तो मंजूर झाला नाही तर संपतो.

तिसरी जागा राज्याचा कायदा. केंद्राचा कायदा एक सांगतो आणि राज्याला त्याच विषयावर उलटं करायचं आहे, तर राष्ट्रपतींची संमती घेऊन राज्याला ते करता येतं.

चौथी जागा आपल्या सगळ्यात जवळची. कोणती जमात अनुसूचित, कोणता भाग अनुसूचित क्षेत्र, हे राष्ट्रपतींच्या आदेशानं ठरतं. आणि पाचवी, राज्यपाल कोण, हेही राष्ट्रपतीच नेमतात.

आता मुख्य गोष्ट. या पाचही जागी राष्ट्रपती आपल्या मनानं चालत नाहीत. घटनेत लिहिलं आहे की मंत्रिमंडळ सल्ला देईल तसं त्यांनी वागायचं. म्हणजे कागदावर नाव राष्ट्रपतींचं, पण लेखणीमागचा हात मंत्रिमंडळाचा. मंत्रिमंडळ ज्याच्या दबावाखाली, तिकडे सही वळते.

तरी लेखणीत थोडी जागा राहते. ग्यानी झैलसिंगांनी १९८६ चं टपाल विधेयक सही न करता तसंच ठेवलं. के. आर. नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात आणि १९९८ मध्ये बिहारमध्ये राष्ट्रपती राजवट लावायची शिफारस मंत्रिमंडळाकडे परत धाडली. त्याच नारायणन यांनी २००१ च्या प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी देशाला सांगितलं की आदिवासींच्या जंगलात खाणी खोदताना सांभाळा, त्यांना उखडून प्रजासत्ताक उभं राहत नाही. अब्दुल कलामांनी २००६ मध्ये लाभाच्या पदाचं विधेयक परत पाठवलं. म्हणून "ती तर नुसती रबरी शिक्क्याची खुर्ची" असं म्हणणं अर्धं खरं आहे. खुर्चीला बोलता येतं. बोलायचं की नाही, ते बसणाऱ्यावर आणि बाहेर लोक किती जोरात बोलतात त्यावर आहे.

आपल्या अंगावर असलेल्या दोन सह्या

आपल्या अंगावर राष्ट्रपतींच्या दोन सह्या आहेत.

पहिली ६ सप्टेंबर १९५० ची, अनुसूचित जमातींच्या यादीची. आज महाराष्ट्राच्या यादीत कोरकू आहेत आणि त्याच नोंदीत निहाल, नहूल, बोंधी, बोंदेया आहेत. भिलांच्या नोंदीत भिलाला, पावरा आहेत. पूर्वी या यादीला भागाची अट होती. एक जमात एका भागात आदिवासी, डोंगर उतरून दुसऱ्या जिल्ह्यात गेली की नाही! १९७६ च्या कायद्यानं ती अट काढली. तेव्हापासून राज्यात कुठंही राहा, जमात तीच राहते.

दुसरी सही २ डिसेंबर १९८५ ची. महाराष्ट्रातलं अनुसूचित क्षेत्र कोणतं, ते सांगणारा राष्ट्रपतींचा आदेश. आता नकाशा डोळ्यांपुढं आणा. पूर्वेला मेळघाट. धारणी आणि चिखलदरा तालुके त्या आदेशात आहेत. पश्चिमेला जळगाव खान्देश. रावेर, यावल, चोपड्यातली गावं त्यात आहेत. मधे आपण, जळगाव जामोद आणि संग्रामपूर. सातपुडा तोच, सागही तोच, नातीगोतीसुद्धा तीच. धारणीची लेक भिंगाऱ्याच्या अंगाला दिली तर बाई तीच राहते, पण तिच्या ग्रामसभेचे अधिकार बदलतात. बुलडाणा जिल्ह्यातलं एकही गाव त्या आदेशात नाही.

अनुसूचित क्षेत्र ठरवताना आदिवासींची संख्या जास्त असावी, भाग सलग असावा, कारभाराला सोयीचा असावा, मागासलेला असावा, असं पाहतात. तालुका धरून मोजलं की सखल भागातली मोठी गावं आणि बाजारपेठा त्यात येतात आणि डोंगरातले पाडे त्या गर्दीत बुडतात. पाडे धरून मोजलं असतं तर हिशेब वेगळा निघाला असता.

याचा तोटा किती, ते एका उदाहरणानं सांगतो. १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रालाच लागू आहे, म्हणजे आपल्याला नाही. मे २०२० मध्ये राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी पाचव्या अनुसूचीखालचा अधिकार वापरून वनहक्क कायद्यात एक बदल केला. जिल्हास्तरीय समितीनं दावा फेटाळला तर विभागीय आयुक्तांच्या समितीकडं अपील करता येईल. चांगला बदल होता. पण तो अनुसूचित क्षेत्रापुरता. धारणीचा माणूस अमरावतीला अपील करू शकतो. आपला जिल्हाही अमरावती विभागातच, आयुक्तही तेच. पण आपल्याला ते दार नाही. राहत्या घरांसाठी वनजमीन मिळायची वाट त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये काढली, तीही तिकडच्यासाठीच. १९८५ च्या एका सहीत नाव राहून गेलं, त्याचं असं होतं.

एका जुवाला दोन बैल

आता जरा लांब जाऊ. राष्ट्रपती किंवा राष्ट्राध्यक्षाच्या निर्णयानं राजकारण आणि अर्थकारण कसं वळतं, ते जगात पाहू. मग आपल्याकडचं जास्त उमगेल.

गेल्या पन्नास वर्षांत जगभर एका जुवाला दोन बैल जुंपलेले दिसतात. एक बैल म्हणजे जुन्या रूढींचं, धर्माचं, "आपली संस्कृती धोक्यात आहे" म्हणणारं राजकारण. दुसरा बैल म्हणजे बाजाराचं अर्थकारण. सरकारनं हात काढून घ्यावा, रेशन-दवाखाना-शाळेवरचा खर्च कमी करावा, जमीन, पाणी, खाण, जंगल कंपनीसाठी मोकळं करावं, असं ते सांगतं. पुस्तकात याला नवउदारवाद म्हणतात. नावात उदार शब्द आहे, पण उदारपणा कोणासाठी ते विचारायचं. दोन बैल वेगळ्या रंगाचे, पण तास एकच ओढतात. पहिला बैल माणसाला भावनेत गुंतवतो, तेवढ्यात दुसरा वावर नांगरून जातो.

अमेरिकेत रोनाल्ड रेगन १९८१ ते १९८९ राष्ट्राध्यक्ष होते. त्यांच्यामागं चर्चवाले कट्टर लोकही होते आणि मोठे उद्योगपतीही. आल्या-आल्या त्यांनी संपावर गेलेल्या अकरा हजारांवर विमान-वाहतूक कर्मचाऱ्यांना एका फटक्यात कामावरून काढलं. देशभरच्या मालकांना इशारा मिळाला, युनियन मोडता येते. सगळ्यात श्रीमंतांवरचा वरचा कर ७० टक्के होता. रेगन जाईपर्यंत तो २८ वर आला.

मेक्सिकोत आपल्यासारखेच मूळनिवासी लोक आहेत. तिथं १९१७ च्या घटनेत गावाची सामाईक जमीन होती, तिला ते एहिदो म्हणतात. ती विकता येत नव्हती. राष्ट्राध्यक्ष सालिनास यांनी १९९२ मध्ये घटनेचं ते कलम बदललं. सामाईक जमिनीचे तुकडे करून विकायची वाट मोकळी झाली आणि भूमिहीनांना नवीन जमीन वाटणं बंद झालं. मग १ जानेवारी १९९४ ला, अमेरिकेबरोबरचा मुक्त व्यापाराचा करार लागू झाला त्याच दिवशी, चियापास भागातले मूळनिवासी उठाव करून उभे राहिले.

ब्राझीलमध्ये जाईर बोल्सोनारो १ जानेवारी २०१९ ला राष्ट्राध्यक्ष झाले. पहिल्याच दिवशी त्यांनी आदेश काढला की मूळनिवासींच्या जमिनीच्या हद्दी ठरवायचं काम आदिवासी खात्याकडून काढून शेती खात्याकडं द्यायचं. म्हणजे जंगल तोडून गुरं आणि सोयाबीन करणाऱ्या मोठ्या मालकांच्या खात्याकडं. कोंबडीच्या खुराड्याची किल्ली कोल्ह्याकडं. लोक रस्त्यावर आले, तिथल्या संसदेनं ते फिरवलं, त्यांनी पुन्हा तोच आदेश काढला, मग सर्वोच्च न्यायालयानं थांबवला.

तिकडं राष्ट्राध्यक्ष स्वतः सरकार चालवतो, म्हणून निर्णय त्याचा म्हणता येतो. आपल्याकडं निर्णय मंत्रिमंडळाचा आणि सही राष्ट्रपतींची. हा फरक लक्षात ठेवा. खाली येणारा कागद मात्र सारखाच दिसतो.

आणि हे एकाच पक्षाचं काम आहे असंही समजू नका. आपल्याकडं बाजाराची दारं १९९१ मध्ये उघडली, तेव्हा दिल्लीत काँग्रेसचं सरकार होतं. परदेशी चलन संपत आलं होतं, सोनं गहाण टाकलं, नाणेनिधीकडून कर्ज घेतलं आणि कर्जाबरोबर अटी आल्या. दोन वर्षांत, १९९३ मध्ये, नवं खनिज धोरण आलं आणि खाणी खाजगी कंपन्यांना खुल्या होऊ लागल्या. दुसरा बैल तेव्हाच जुंपला गेला होता. पुढं पहिलाही आला.

वटहुकुमाची गोष्ट

२०१३ मध्ये जमीन संपादनाचा नवा कायदा झाला. इंग्रजांचा १८९४ चा कायदा गेला. नव्या कायद्यात दोन चांगल्या गोष्टी होत्या. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के जमीनवाल्यांची संमती, सरकार-कंपनी मिळून प्रकल्प असेल तर ७० टक्क्यांची. आणि घेण्याआधी गावावर काय परिणाम होईल याची तपासणी. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको. पूर्णेवरच्या जिगाव धरणात गाव जाणाऱ्यांना विचारा, संपादन म्हणजे काय असतं.

कायदा १ जानेवारी २०१४ ला लागू झाला. त्याच वर्षी सरकार बदललं. आणि ३१ डिसेंबर २०१४ ला, वर्ष सरता सरता, राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या सहीनं वटहुकूम निघाला. संरक्षण, ग्रामीण पायाभूत सोयी, परवडणारी घरं, औद्योगिक पट्टे आणि इतर पायाभूत प्रकल्प, या पाच कामांना संमतीची अट नाही, परिणामाची तपासणीही टाळता येईल. पाच नावं गोड आहेत. पण या पाचांत काय बसत नाही ते सांगा!

राष्ट्रपतींनी सही केली आणि थोड्याच दिवसांत, जानेवारीत, जाहीरपणे सांगितलं की नेहमीचे कायदे करायला वटहुकुमाची वाट वापरू नये. सही आधी, सावधगिरी मागून. राज्यसभेत सरकारकडं बहुमत नव्हतं. म्हणून ३ एप्रिल २०१५ ला पुन्हा वटहुकूम, ३० मे ला तिसऱ्यांदा. देशभर शेतकरी, आदिवासी, मजूर रस्त्यावर होते. शेवटी सरकारनं चौथ्यांदा काढला नाही आणि ३१ ऑगस्ट २०१५ ला तो मेला.

आपण जिंकलो, असं म्हणून घरी गेलो. पण बैल दुसऱ्या वाटेनं वावरात शिरला. मघा तिसरी जागा सांगितली, राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती. गुजरातनं २०१६ मध्ये आपला दुरुस्ती कायदा केला आणि जे संसदेत झालं नव्हतं तेच त्यात घातलं. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. महाराष्ट्रानंही २०१८ मध्ये असाच दुरुस्ती कायदा करून घेतला. वटहुकूम मेला, पण त्याची पिलं राज्याराज्यांत वाढली. दिल्लीच्या मोर्चाची बातमी पेपरात येते. राज्याच्या फायलीवर झालेल्या सहीची येत नाही.

२०२३ ची सही

आता मुर्मूबाईंकडं येऊ. त्यांच्या दोन सह्या शेजारी ठेवून पाहा.

२०१५ ते २०२१ त्या झारखंडच्या राज्यपाल होत्या. तिथं आदिवासींची जमीन राखणारे दोन जुने कायदे आहेत, छोटानागपूरचा १९०८ चा आणि संथाळ परगण्याचा १९४९ चा. राज्य सरकारनं नोव्हेंबर २०१६ मध्ये त्यात बदल करणारी विधेयकं विधानसभेत पास केली. आदिवासी शेतजमिनीचा वापर बिगरशेतीसाठी करायची मोकळीक त्यात होती. सरकार त्यांच्याच जुन्या पक्षाचं. गावं पेटून उठली, निवेदनांचा ढीग राजभवनात गेला. मे २०१७ मध्ये राज्यपाल मुर्मूंनी ती विधेयकं सही न करता परत पाठवली. सरकारला ती मागं घ्यावी लागली. ही गोष्ट आपण विसरू नये. मानानं सांगावी.

आता दुसरी. २०२३ मध्ये केंद्रानं वन संवर्धन कायद्यात दुरुस्ती आणली. राज्यसभेत २ ऑगस्टला पास झाली आणि ४ ऑगस्टला राष्ट्रपती मुर्मूंची सही झाली. दोन दिवसांत. त्यात आहे काय? जी जमीन वन म्हणून अधिसूचित आहे किंवा २५ ऑक्टोबर १९८० नंतर सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदली आहे, तीच या कायद्याखाली. झाडोरा आहे पण नोंद नाही, अशी जमीन बाहेर. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये सांगितलं होतं की शब्दकोशात ज्याला जंगल म्हणतात तेही जंगल धरा. त्याला हा फाटा. शिवाय प्राण्यांची सफारी, प्राणिसंग्रहालय, निसर्ग पर्यटन ही कामं यापुढं जंगलाचीच कामं धरली जातील, वेगळ्या परवानगीची गरज नाही. अंबाबरवा अभयारण्य आपल्या संग्रामपूरच्या डोक्यावर आहे, मेळघाट व्याघ्र प्रकल्पात धरलेलं. तिथं आपण बैल चारले तर गुन्हा. आणि पर्यटकाची जीप गेली तर ते वन संवर्धन.

त्याच्या आधी, जून २०२२ मध्ये, नियम बदलले होते. पूर्वी जंगल दुसऱ्या कामाला द्यायच्या आधी ग्रामसभेची संमती घेतली का, हे केंद्र पाहत होतं. नव्या नियमात केंद्र आधी मंजुरी देणार आणि वनहक्काचं काय ते राज्यानं मागून बघायचं. लगीन लागल्यावर मुलीला विचारायचं, पसंत आहे का. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगानं लेखी हरकत घेतली होती. मंत्रालयानं मानली नाही.

बाई त्याच, समाजही तोच. रांचीत परत पाठवलं, दिल्लीत सही झाली. का? रांचीत राजभवनाच्या दारात गावं उभी होती आणि राज्यपालाला विधेयक परत पाठवायला वाव होता. दिल्लीत मंत्रिमंडळाचा सल्ला होता, संसदेत बहुमत होतं, आणि दारात आपण नव्हतो. या कायद्याची चर्चा आपल्या तालुक्यात किती गावांत झाली? हा राग मुर्मूबाईंवर काढण्यासारखा नाही. आपला माणूस खुर्चीवर असणं चांगलं आहे, लेकरांची मान वर होते. पण खुर्चीच्या दारात आपण नसलो, तर आत एकटा आपला माणूस काय करेल?

पुढं १९ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम आदेश दिला की जंगलाची १९९६ ची व्याख्याच तूर्त पाळायची. म्हणजे लढाई संपलेली नाही.

भांडणात आपल्याला गुंतवतात

पहिल्या बैलाबद्दल दोन शब्द. काही वर्षांपासून आपल्या भागातही सांगतात की ज्या आदिवासींनी दुसरा धर्म घेतला त्यांना यादीतून काढा. डीलिस्टिंग म्हणतात त्याला. इथं १९५० च्या सह्या आठवा. अनुसूचित जातींच्या यादीला राष्ट्रपतींच्या आदेशानं धर्माची अट होती. त्यामुळं आपल्या जिल्ह्यातल्या बौद्ध बांधवांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावं लागलं. जमातींच्या यादीला मात्र धर्माची अट कधीच नव्हती. कारण आदिवासी हा धर्मानं ठरत नाही. कोणी देवाला नारळ फोडो, कोणी प्रार्थनेला जावो, कोणी मुठवा पुजो, बीटगार्ड पावती फाडताना धर्म विचारत नाही.

एका पाड्यावर दोन तट पडले तर वनहक्क समितीची बैठक होत नाही. बैठक झाली नाही तर दावा पुढं जात नाही. मग भांडण कोणाच्या फायद्याचं? धर्म ज्याचा त्यानं पाळावा. धुरा सगळ्यांनी मिळून राखावा.

सही वळते कशानं

अब्दुल कलाम राष्ट्रपती असताना जून २००५ मध्ये त्यांनी विशेष आर्थिक क्षेत्राच्या, म्हणजे सेझच्या कायद्यावर सही केली. कंपन्यांसाठी करमाफीची बेटं. त्याच कलामांनी २९ डिसेंबर २००६ ला वनहक्क कायद्यावर सही केली. माणूस एक, लेखणीही एकच. पहिल्यामागं उद्योगाचा जोर होता, दुसऱ्यामागं देशभरच्या आदिवासींचे मोर्चे होते. ते मोर्चे आपल्यासारख्याच पाड्यांतून निघाले होते. पुढं त्या कायद्याचे नियम १ जानेवारी २००८ ला लागू झाले तेव्हा राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील होत्या. आपल्या मलकापूरला लागून असलेल्या एदलाबादच्या, आजच्या मुक्ताईनगरच्या, त्या आमदार राहिलेल्या. राष्ट्रपती शेजारचा असला म्हणून आपल्या तालुक्यातले पट्टे आपोआप झाले नाहीत. ज्या गावानं कागद केला, मोजणीला उभं राहिलं, त्यालाच मिळालं.

शेतीच्या तीन कायद्यांचंही तसंच. जून २०२० मध्ये, कोरोनाच्या बंदीत, राष्ट्रपती कोविंद यांच्या सहीनं वटहुकूम निघाले. शेतकरी वर्षभर दिल्लीच्या सीमेवर बसले. ३० नोव्हेंबर २०२१ ला त्याच कोविंद यांनी ते कायदे रद्द करण्याच्या कायद्यावर सही केली. सही फिरते. फिरवायला माणसं लागतात, वर्ष लागतं, आणि लोक मरतातही.

आणि ओडिशातला नियमगिरी. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, डोंगरावर खाण होऊ द्यायची का ते ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा झाल्या. बाराच्या बारांनी नाही म्हटलं. खाण झाली नाही. तिथं राष्ट्रपतींच्या सहीपेक्षा डोंगऱ्या कोंधांच्या अंगठ्यांना वजन आलं.

आता कामाचं

बोलणं पुष्कळ झालं. गावी जाऊन करायची पाच कामं सांगतो. उद्या गटात यावर ठराव करू.

एक. पेसा आपल्याला नाही, पण वनहक्क कायदा सगळ्या देशाला आहे. आपल्यालाही आहे. ग्रामसभा पाड्याची घ्या. किमान अर्धी माणसं हजर, त्यांत एक तृतीयांश बाया. बायांच्या सह्या-अंगठे आधी घ्या. कोरम नाही म्हणून ठराव फेटाळायला जागा ठेवू नका.

दोन. ज्यांचे दावे फेटाळले त्यांनी लेखी कारण मागा. कारण न सांगता, म्हणणं न ऐकता फेटाळता येत नाही. उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडं साठ दिवसांत अर्ज करायचा. तारीख वहीत लिहून ठेवा. "दंडाची पावती नाही म्हणून नामंजूर" असं लिहिलं असेल तर नियम दाखवा. जुन्या माणसांचं निवेदन, विहीर, बांध, जुनं घर, मसणवटा, हेही पुरावे आहेत. अमुकच कागद पाहिजे असा हट्ट धरता येत नाही.

तीन. दाव्याचा निकाल पूर्ण लागेपर्यंत कोणालाही ताब्यातल्या वनजमिनीवरून उठवता येत नाही. कलम ४, पोटकलम ५. हे पाड्यावरच्या पोरांनी पाठ करा. कोणी नांगर उचलायला आलं तर शिवी नको, हात नको. कलम सांगा, लेखी आदेश मागा, पंचनाम्यावर आपलं म्हणणं लिहायला लावा.

चार. फक्त वावराच्या दाव्यावर थांबू नका. सामूहिक हक्काचा दावा करा. चराई, मोह, तेंदू, डिंक, पाणवठे, देवाची जागा. गावाची हद्द म्हाताऱ्यांना घेऊन फिरून काढा. ज्या जागेवर झाडोरा आहे पण वन म्हणून नोंद नाही, अशा ई-क्लास जमिनीची यादी तलाठ्याकडून घ्या. २०२३ च्या कायद्यानंतर तीच जमीन सगळ्यात उघडी पडली आहे.

पाच. १९८५ च्या आदेशात नाव नाही, ते घालून घ्यायचं. १९७६ मध्ये पाचव्या अनुसूचीत बदल झाला, त्यानुसार राज्यपालांशी विचारविनिमय करून राष्ट्रपती अनुसूचित क्षेत्र वाढवू शकतात. म्हणजे दार आहे, आपण कधी जोरात वाजवलं नाही. प्रत्येक पाड्यानं ठराव करायचा, आमचं गाव अनुसूचित क्षेत्रात घ्या. ठरावाबरोबर पाड्याची खानेसुमारी, किती घरं, कोण जमात. तालुका धरून मोजू नका, डोंगरातली सलग गावं धरून मोजा, हे ठरावात लिहायचं. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक राज्यपालांना, एक जनजाती सल्लागार परिषदेला, एक राष्ट्रपतींना. पोच घ्या. पोच नसलेला कागद म्हणजे चुलीतला कागद.

हे एका वर्षात होईल असं मी सांगत नाही. सरकार म्हणेल संख्या बसत नाही, फाईल फिरत राहील. पण आज राष्ट्रपती भवनात बसलेल्या बाईंनी एकदा रांचीत, गावं उभी राहिली तेव्हा, कागद परत पाठवलेला आहे. त्यांच्या टेबलावर सातपुड्याच्या या पोटातल्या पाड्यांचा एकही कागद नसेल, तर त्यांनी कशावर विचार करावा?

शेवटी एवढंच लक्षात ठेवा. दिल्लीची सही वरून खाली येते, मंत्रालय, जिल्हा, तहसील, रेंज ऑफिस करत करत आपल्या धुऱ्यावर येते. आपला ठराव खालून वर जातो. वाटेत दोघांची गाठ पडते. ज्याच्यामागं माणसं जास्त, तो पुढं सरकतो.

पुढच्या महिन्यातल्या बैठकीला प्रत्येक गावानं निदान एक ठराव आणि त्याची पोच घेऊन यायचं. मोकळ्या हातानं येऊ नका.

जल, जंगल, जमीन आपली. जोहार.